पाठ झालेली प्रार्थना

प्रिय लागी,

अकरा वर्षांत माझं हे पहिलंच पत्र, म्हणून तू पाकीट उभ्या उभ्याच फोडलं असशील. बाबा बरे आहेत. कोणी गेलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण आपल्या बेटावरून ब्रिस्बेनला पत्र जातं ते एक तर मयताचं, नाही तर मागणीचं. हे दोन्हींतलं नाही.

बाबा ऐंशीचे झाले. कान गेले, पण संध्याकाळचा शंख तेवढा त्यांना ऐकू येतो. शंख वाजला, सा लागली, प्रार्थना संपेपर्यंत रस्ता सगळ्यांना बंद झाला, गावातली तरणी पोरं काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसली, की बाबा सगळ्यांच्या आधी चटईवर हजर. भिंती नसलेलं आपलं घर. रस्त्यावरून आत काय चाललंय ते दिसतं आणि आतून रस्ता दिसतो. त्यामुळे बाबा अजून पाठ ताठ ठेवून बसतात. चर्चच्या मंडळीच्या डीकनने, पाळकांच्या उजव्या हाताने, वाकून कसं चालेल! एक गीत होतं, प्रत्येकाचं एकेक वचन होतं, मग ते प्रार्थना करतात. तिच्यातलं शेवटून दुसरं वाक्य तुझं असतं. “प्रभू, माझ्या धाकटीला क्षमा कर, तिने मुद्दाम उशीर केला नाही.” अकरा वर्षं, रोज, एका शब्दाचा फरक नाही. मग गॅसच्या जुन्या नळकांड्यावर टोले पडतात, सा सुटते आणि आम्ही जेवायला बसतो. नाताळला तुझं कार्ड येतं, त्यातही तेच. आईचं औषध घेऊन मी वेळेत पोचले असते तर ती आज असती, बाबा, मी कोणत्या तोंडाने येऊ. ते कार्ड मीच त्यांना वाचून दाखवते. मोठ्याने, त्यांना ऐकू यावं म्हणून.

माझं म्हणशील तर उत्तम चाललं होतं. शब्बाथशाळा माझ्याकडे आहे. ऑक्टोबरातल्या पांढऱ्या रविवारी साठ पोरं पांढरे कपडे घालून वचनं म्हणतात, एकाचीही जीभ अडखळत नाही. कशी अडखळेल? मी समोर उभी असते. पाळकांची बायको चारचौघांत म्हणते, “फुआतिनो आहे म्हणून ही मंडळी उभी आहे.” मी मान खाली घालते आणि मनात म्हणते, खरंच आहे बाई. बसमध्ये टोपली ठेवून जागा धरावी, तशी स्वर्गात आपली जागा आपण धरून ठेवली आहे, असं मला वाटायचं. माझ्याइतकी नेमाने प्रार्थनेला बसणारी गावात दुसरी कोण होती? आपण पोचलो, अशी माझी खात्री झाली होती, लागी. आणि पोचलेल्या माणसाला कोणी हलवू शकत नाही.

मला हलवलं ते म्हाताऱ्या फेतुने. आठवते ना, खाडीजवळची, एका डोळ्याने अधू, लहानपणी आपण जिच्या पपया चोरायचो? पावसाळ्यापासून ती अंथरुणावर आहे. मंडळीतर्फे मी तिच्याकडे गेले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला ऐकते तर काय, म्हातारी माझ्या आधी बोलतेय! मी “हे दयाळू पित्या” म्हणायच्या आत ती “हे दयाळू पित्या” म्हणून मोकळी. मी “या अशक्त” म्हटलं, की ती “भगिनीवर तुझा हात ठेव.” शेवटपर्यंत तसंच. आमेनसुद्धा तिचंच आधी झालं. मी लालबुंद. ती म्हणाली, “चिडू नकोस गं. मला पाठ आहे. तुलाही पाठच आहे. देवालाही एव्हाना झाली असेल.” मी म्हटलं, “आजी, रोज करते म्हणून पाठ आहे.” तर म्हणाली, “शंख वाजला की बसतेस, ते गावासाठी. शंख वाजत नसतो तेव्हा कधी बसतेस, ते सांग.”

मी तिला चांगलं झाडलं. आजारी बाईला! घरी येईपर्यंत तोंडाची टकळी चालूच होती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दारात उभी राहिले. तिने मला एक नेम घालून दिला. पहाटे चूल पेटवायच्या आधी एकटीने मागच्या अंगणात बसायचं. शास्त्रातला थोडासा भाग वाचायचा, हळू. गीत नाही, ठरलेलं वाक्य नाही. दुसऱ्याने ऐकलं तर लाज वाटेल, तेवढंच देवाशी बोलायचं. आणि वाचलेल्यातलं एक तरी काम सूर्य मावळायच्या आत करायचं. एवढंच. मला हसू आलं. साठ पोरांना शिकवणारीला ही बालवाडी!

पहिले आठ दिवस मला एक शब्द सुचला नाही. झोप यायची, डास चावायचे, डुकरांना काय घालायचं ते आठवायचं. ठरलेली वाक्यं काढून घेतल्यावर माझ्याजवळ देवाशी बोलायला काहीच शिल्लक नव्हतं, आणि हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. रडले, ते भक्तीने नाही, अपमानाने. पण हट्टी आहे मी, तुला माहीत आहे, उठत राहिले. मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. सेतूच्या घरच्यांची मी पाळकांकडे चुगली केली होती ते आलं. सा चालू असताना त्यांचा म्हातारा रस्त्यावरून चालला, मी सांगितलं, आणि गावाने त्यांच्याकडून मासळीच्या डब्यांच्या दोन पेट्या दंड घेतला. वाचलेलं करायचं ठरलंच होतं, म्हणून त्यांच्या घरी जाऊन चुकले म्हणाले. सेतूच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, “फार लवकर आलीस, बाई.” मी तो टोमणा चहाबरोबर गिळला.

सेतूचं प्रकरण निघालं आणि त्याच्या मागचंही निघालं. ते आई गेली त्याच्या आदल्याच आठवड्यातलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे मी तिथेच अडते. कितीही वेगळा भाग वाचला तरी तीच संध्याकाळ समोर येते. चाळीस दिवस मी टाळाटाळ केली. फेतुला म्हटलं, आता हा नेम सोडते, डोक्याला ताप झाला आहे. ती म्हणाली, “सोड की. शंख आहेच.” दुसऱ्या पहाटे मी पुन्हा अंगणात जाऊन बसले.

काल बाबांना सांगितलं. आज तुला सांगते, येत्या रविवारी मंडळीला सांगणार आहे आणि शब्बाथशाळा सोडणार आहे. त्या संध्याकाळी तू दुपारची बस चुकवलीस म्हणून आई गेली, असं मीच सगळ्यांना सांगितलं. तुला मी म्हणाले, तू रस्त्यापलीकडे उभी होतीस ते आम्हाला कळलंच नाही, आमचे डोळे प्रार्थनेत मिटलेले होते. लागी, गीत चालू होतं. गीताला कोणी डोळे मिटतं का? तू बसमधून उतरलीस, पोरांनी काठी आडवी धरली, तू औषधाची पिशवी वर करून दाखवलीस. पोरं आपल्या घराकडे बघत होती. डीकनच्या घरातून नुसती मान हलली असती तरी त्यांनी तुला सोडलं असतं. बाबांची पाठ तुझ्याकडे होती, माझं तोंड होतं. आई माझ्या शेजारी खांबाला टेकून धापा टाकत होती. सेतूला दंड होऊन सहा दिवस झाले होते. स्वतःच्या बहिणीला सोडलं, असं लोक म्हणाले असते. मी पुस्तकात डोळे घातले आणि आपण एरवी गाळतो ते तिसरं कडवंही म्हटलं. टोले पडले तेव्हा आईचा हात गार झाला होता. आज संध्याकाळी बाबांनी प्रार्थनेत तुझं ते वाक्य म्हटलं नाही. “धाकटीला घरी आण” एवढंच म्हणाले. माझं नाव घेतलं नाही, आणि त्यांनी घ्यावं असं मी म्हणतही नाही. तुझ्याकडेही क्षमा मागत नाही. मागायची मला फार सवय आहे, तोंडातून सहज निघते. तू उशीर केला नव्हतास. तू पोचली होतीस आणि मी तुला पाहिलं होतं, एवढं तुला माझ्याच हातून कळावं, म्हणून लिहिलं.

तुझीच म्हणवून घ्यायची हिंमत नसलेली, तरी तुझीच,
फुआतिनो