खाडीकडची पट्टी

मी, आवडाबाई चांगदेव मढवी, वय एकाहत्तर, धंदा मिरची कांडप, राहणार कल्याण पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे पूर्वी होते, ते आता दमले. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मसुदा वकीलबाई अमृताने तपासला. तिने काही वाक्ये खोडायला सांगितली, ती मी खोडलेली नाहीत.

१. कल्याणचे राहते घर मुलगा नयन याला मिळावे. हे घर मी आणि माझ्या कैलासवासी यजमानांनी मिरची-मसाला कुटायच्या यंत्राच्या, म्हणजे डंकाच्या, कमाईतून घेतले.

२. मसाल्याचा डंक, चाळण्या आणि मिरच्या भाजायची मोठी कढई सूनबाई मृणाल हिला. मसाल्याचे प्रमाण तिला तोंडपाठ आहे. ती हळद जरा जास्त घालते, ती मी गेल्यावर घालावी.

३. आता मुख्य गोष्ट. घोडबंदर रोडलगत माझ्या माहेरच्या गावी माझ्या मालकीची एक चिंचोळी पट्टी आहे. ती मला कशी मिळाली हे सांगितल्याशिवाय ती कोणाला आणि का देते, हे कळायचे नाही.

वडील हाशा भोईर वारले तेव्हा गावात बिल्डर फिरू लागले होते. आमच्याकडे रीत अशी, की जमीन विकायची वेळ आली की बहिणीला माहेरी जेवायला बोलवायचे, साडी द्यायची आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची. म्हणजे बापाच्या जमिनीतला हिस्सा तिने भावाला सोडला. माझा थोरला भाऊ आनंदा याने तेच केले. मटण झाले, साडी झाली, मग कागद पुढे आला. मी पिशवीतून चष्मा काढला.

"वाचतंस कशाला गो बाय? सई कर," आनंदा म्हणाला.

"वाचल्याबिगर मी लाइटबिलपन भरत नाय, दादा."

वाचले आणि सही केली नाही. मला माझा हिस्सा हवा, असे सांगितले. आनंदा म्हणाला, "मंग या घरान परत पाय ठेवू नको." मी साडी ताटात ठेवली आणि निघाले. रिक्षात रडले, हे लिहायला मला लाज नाही. त्यानंतर अकरा वर्षे आमची भाऊबीज झाली नाही.

कायद्याने हिस्सा द्यावाच लागला, तेव्हा माहेरच्यांनी मला खाडीकडची पट्टी काढून दिली. तिथे खारे पाणी शिरायचे, गवतसुद्धा धड उगवत नव्हते. व्यवहार जुळवणारा दलाल हरिहर सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, मीठ पिकवा आता." गाव हसले.

पुढे मागच्या शेतांवर टॉवर उभे राहिले. त्यांची वाट इतकी अरुंद होती, की आगीचा बंब आत वळेना, म्हणून परवानगी अडली. रुंद रस्ता काढायचा तर माझ्या पट्टीवरूनच. हरिहर पेढे घेऊन कल्याणला आला, मागोमाग बिल्डरचा साहेब आला. मी दोघांना डंकाशेजारी बसवले. मिरचीच्या खकाण्यात शिंकत शिंकत त्यांनी आकडे सांगितले. मी पट्टी विकली नाही. रस्ता दिला, तोही भाड्याने, आणि वर अट घातली: पट्टीच्या तोंडाशी पक्के छप्पर, नळ, संडास आणि ओटे बांधून द्यायचे. ज्यांची शेते गेली त्या गावच्या बायका तिथे बसून धंदा करतील.

आज तिथे बाजार भरतो. टॉवरमधली माणसे ऑफिसातून येताना गाड्या थांबवून तांदळाची भाकरी, सुकट, पालेभाजी घेऊन जातात. पंचविसाव्या मजल्यावरचा माणूसही रोज माझ्या जमिनीवरून घरी जातो. मला त्याचा फार आनंद होतो आणि तो लपवायचे काही कारण दिसत नाही.

पहिला ओटा मागितला तो आनंदाच्या बायकोने, शालनवहिनीने. मी दिला. दुसऱ्या दिवशी तिची टोपली घेऊन आनंदा स्वतः आला. टोपली ठेवली आणि म्हणाला, "आवडे, च्या पाजशील?" मी पाजला. माफी कोणी मागितली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी पाय ठेवला आणि दोनदा जेवले.

४. ही पट्टी ओट्यांसह माझी मुलगी कल्पिता हिला मिळावी. ती परवा मला म्हणाली, "आई, सगळं नयनच्या नावावर कर. मी लिहून देते. उगाच भावाशी वाकडं नको." मी एवढे भांडले आणि माझ्याच पोटची पोर कोणी न मागता सही द्यायला निघाली. म्हणून हे मृत्युपत्र. कल्पिता, भाऊ हवा म्हणून हक्क सोडू नकोस. हक्क धरूनही भाऊ परत येतो, थोडा वेळ लागतो. नयन, तू तो वेळ लावू नकोस. ओटे मोडून शोरूम काढायचे तुझ्या मनात आहे, ते मनातच ठेव.

५. माझे जुने राग माझ्याबरोबर जळावेत, एक सोडून. हरिहर दलाल भाकरी घ्यायला आला तर गरम द्यावी, पण एक रुपया कमी करू नये. मीठ मागितले तर द्यावे.

६. वकीलबाई म्हणते, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. म्हणून आनंदाला काही ठेवलेले नाही, त्याला सहीला बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असेही ती म्हणाली. मी म्हटले, आनंदाने वाचावा.

ठिकाण : कल्याण पूर्व
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार : आवडाबाई चांगदेव मढवी (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, म्हणून साक्ष :

१. कांता रवींद्र गायकवाड, शेजारीण, निवृत्त शिक्षिका (सही)

२. आनंदा हाशा भोईर, भाऊ (सही)
चष्मा लावून सगळे वाचले. मग सही केली. जेवण अजून व्हायचे आहे.