डाव्या हाताच्या कळा

११ फेब्रुवारी

प्रिय भावोजींना,
स. न. वि. वि.

तुमच्या दुर्बिणीपाशी मोबाइलला बंदी आहे हे एका अर्थी माझ्या पथ्यावरच पडलं. तुमच्या दादांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. घर केवढंसं! फोनवर तुम्हाला ह्यांची हकीकत सांगायची म्हणजे ह्यांच्या तोंडावर ह्यांचीच चर्चा. त्यापेक्षा कागद बरा.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर पाय बराच सावरलाय. काठी धरून खिडकीपर्यंत जातात. उजवा हात मात्र जिथे ठेवावा तिथेच राहतो. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्या कपाचं, खुर्चीचं, किल्लीचं चित्र दाखवतात. ह्यांना ओळखू येतं, तोंडही उघडतं, पण शब्द काही निघत नाही. मग हे बाईंकडे असे बघतात, जणू चूक त्यांचीच आहे. नकाशांच्या कार्यालयाने उन्हाळ्यापर्यंत टेबल राखून ठेवतो म्हणून कळवलंय. नद्याडोंगरांची नावं नकाशावर बसवायला दुसरा माणूस सध्या तरी घेतलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. ह्यांचा तो काळा कॉम्प्युटर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर ना चित्र, ना बटण. कळा दाबायच्या आणि पुढचं त्याचं त्याला कळायचं. घरात दुसऱ्या कोणाला तो साधा बंदही करता येत नसे. आपल्या बारकीने सुट्टी घेऊन तो सगळा पुसला आणि नवीन प्रणाली घातली. दवाखान्याच्या नोंदणी विभागात ती रोज कॉम्प्युटरवरच काम करते, त्यामुळे हात चांगला बसलाय. पडद्यावर मोठमोठी चित्रं आली: पाण्याचा पेला, पलंग, डॉक्टर. बोट लावलं की आवाज बोलतो. पोरीने मोठ्या हौसेने ह्यांना पुढ्यात बसवलं. ह्यांनी पडदा पाहिला, डाव्या हाताने दोन कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. पुन्हा. मग खुर्ची भिंतीकडे वळवून बसले ते बसलेच.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर, खुर्चीच्या हातावर, माझ्या पाठीवरसुद्धा तीच दोन बोटं तशीच आपटतात. डॉक्टर म्हणतात, शिरेचा झटका असेल. मला तसं वाटत नाही. मी कळा बघून ठेवल्यात: एक डाव्या हाताच्या अगदी खालच्या कोपऱ्यातली, आणि दुसरी तिच्या वरच्या ओळीतलं पहिलं अक्षर. हे काय आहे, तेवढं कळवा.

पत्राची वाट बघायला लावू नका. लोभ आहे तसा राहू द्या.

तुमची,
वहिनी

———

२० फेब्रुवारी

ति. वहिनींना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुर्बिणीच्या तबकड्यांच्या मैदानाला एक फेरी मारून आलो, मग लिहायला बसलो.

तो झटका नाही. ती कळांची जोडी म्हणजे ‘आत्ता केलंस ते परत फिरव’. अक्षर चुकलं, रेघ वाकडी गेली, पान हरवलं, की आम्ही तेच दाबतो. दादा नव्या पडद्याला सांगत होता, हे काढ आणि माझं होतं ते आण. पडद्याने ऐकलं नाही, म्हणून तो आता तुम्हाला सांगतोय.

त्या दोन कळांनी पुसलेली प्रणाली परत येत नाही, हे त्यालाही माहीत आहे. तरी माणूस दाबून बघतोच. बारकीने नकाशे वेगळे काढून ठेवले असणार, ती हुशार आहे. पण दादाची सगळी मांडणी ज्या फायलींमध्ये असते त्यांच्या नावाआधी एक टिंब असतं, आणि टिंबवाल्या फायली सहसा डोळ्यांना दिसतच नाहीत. पोरीने दिसलं तेवढं उचललं. तिला बोलू नका.

माझ्याकडे त्या फायलींची प्रत आहे. मी शिकत होतो आणि दादा नुकता नोकरीला लागला होता, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ती व्यवस्था उभी केली. तेव्हापासून त्याने एखादा शॉर्टकट बदलला की मला पाठवायचा, आणि मी बदलला की तो नावं ठेवायचा. अडचण अशी की निम्मे शॉर्टकट उजव्या हाताचे आहेत. सगळं डाव्या हाताखाली आणावं लागेल, आणि कळाही चिकट कराव्या लागतील.

एक काम करा. त्याचा डावा पंजा कागदावर पसरून ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद पाठवा. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत हात किती ताणतो ते मला बघायचंय. माझ्या जागी येणारा माणूस मेमध्ये रुजू होईल, तोवर मला इथून हलता येणार नाही. याचं वाईट वाटतं, पण नुसतं वाईट वाटून कामाला काही उपयोग नाही.

दादाला नमस्कार. तुमची माया आजवर पुरली, पुढेही पुरवा.

आपला,
धाकटा

———

१ मार्च

प्रिय भावोजींना,
स. न. वि. वि.

सोबत पंजा पाठवते आहे. पेन्सिल बोटांच्या बेचक्यांतून गेली तशा ह्यांना गुदगुल्या झाल्या आणि हे तोंडाच्या एका बाजूने हसले. अंगठ्यापाशी रेघ हलली आहे ती त्यामुळे. अंगठा खरं तर एवढा जाड नाही.

कळा चिकट करायच्या हे वाचून मी आधी रागावलेच. म्हटलं, घरातली एकेक वस्तू मी रोज पुसते, आणि हे तिकडे बसून चिकट करायला सांगतात! शेवटी बारकीनेच सांगितलं. दोन कळा एकदम दाबायच्या असतात त्या एकीमागून एक दाबल्या तरी चालाव्यात, म्हणून पहिली दाबलेली राहते. त्याला म्हणे चिकट म्हणतात. तुम्हा लोकांना दुसरा शब्द सुचला नाही?

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. ‘परत फिरव’पाशी आले, तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं आणि पत्र संपेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर ती बोटं आपटणं थांबलंय. एवढंच सांगत होता माणूस, आणि आम्ही डॉक्टरांना विचारत बसलो.

बारकी दारात उभी राहून ऐकत होती. मग ती तशीच कामावर निघून गेली. तुम्हाला लिहिणार आहे, असं तिच्या तोंडावरून वाटतं. सांभाळून घ्या. इकडची काळजी करू नका, पण विसरूही नका.

तुमची,
वहिनी

———

४ मार्च

ति. काकास,
सा. न.

आईला तू लिहिलंस की मला बोलू नका. म्हणजे बोलण्यासारखं मी केलंय, असं तुझंही मत आहे.

काका, बाबा पडले त्या दिवशी मी त्यांच्याजवळ होते. दवाखान्यात मी रोज अशी माणसं बघते. त्यांच्यासाठी हीच चित्रं वापरतात आणि ती उपयोगी पडतात. बाबांना पाणी हवंय की पलंगावर जायचंय, हे आम्हाला कळावं एवढंच मला हवं होतं. तुझ्या-त्यांच्या त्या काळ्या पडद्यावर पाणी मागायची सोय होती का?

दुसरं म्हणजे, बाई स्पष्ट म्हणाल्या की त्यांना बोलतं करायचं असेल तर बोलण्यावाचून अडलं पाहिजे. पूर्वीचं सगळं परत मिळालं तर ते दिवसभर त्यात तोंड घालून बसतील. आधीही तसंच करायचे. मी लहान असताना त्यांच्या पाठीशीच जास्त बोललेय. ती पाठ मला परत नकोय.

तरी तू म्हणशील तसं. आईने आधीच ठरवून टाकलंय, मी फक्त माझं म्हणणं मांडलं. रागावू नकोस.

तुझी,
बारकी

———

१३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझी दोन्ही म्हणणी खरी आहेत. राहिली पाठ. मी त्याच्या शेजारी बसायचो, त्यामुळे मला ती कधी दिसली नाही.

बाई काय म्हणतात ते मोडायचं नाही. त्यांच्या वेळेला यंत्र बंद राहू दे. पण नव्या पडद्यापुढे तो रुग्ण असतो, जुन्यापुढे त्याला काहीतरी येत असतं, एवढा फरक आहे. तुझी चित्रंही मी टाकून दिलेली नाहीत. चार चौकोनांचं चिन्ह असलेली कळ आणि एकचा आकडा दाबला की तुझा पेला, पलंग, डॉक्टर सगळं उघडेल. हवं तर त्याने उघडावं.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं घातलंय. बसवायचं काम तूच कर, आईच्या हातात देऊ नकोस, ती आधी पुसायला घेईल. स्पेसची लांब कळ डाव्या अंगठ्याने दाबून धरली की डावीकडची अक्षरं उजवीकडची होतात, आरशात बघितल्यासारखी. हे त्याला नवीन आहे. आधी तू शिक, मग त्याच्या शेजारी बसून शिकव. मागे उभी राहू नकोस.

खुशाली कळवत जा, आणि मनात असेल ते असंच लिहीत जा.

तुझा,
काका

———

६ एप्रिल

प्रिय भावोजींना,
स. न. वि. वि.

उशीर झाला, कारण घडलं बरंच.

बारकीने रविवारी सकाळी बसवलं. पडदा काळा झाला तसे हे भिंतीकडची खुर्ची स्वतःच ओढत आले. काठी घ्यायची राहिली ते नंतर माझ्या लक्षात आलं. पहिल्यांदा बोटं चुकत होती. आरशातली अक्षरं काही केल्या वळेनात आणि ह्यांच्या कपाळाला घाम. बारकी शेजारी बसून तिच्या हाताने दाखवायची, हे तिच्या हातावर हात ठेवून बघायचे. जेवायला दोघंही आली नाहीत, मी ताटं झाकून ठेवली.

आठवड्याभरात नकाशा उघडला. एका नदीला तिचं नाव बसवलं. वळणावळणाने, पाण्याच्या प्रवाहाबरोबर अक्षरं अशी वाकवली की मलाही बघत राहावंसं वाटलं. आणि नाव चुकीचं होतं. अक्षरं उलटसुलट, वाचता न येण्यासारखी. हे बराच वेळ बघत राहिले. चुकलंय हे कळतं, पण काय चुकलंय ते कळत नाही. मग टेबलावर मूठ आपटली आणि पडदा विझवला. दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत. मी म्हटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी बारकीने कामावरून आल्यावर स्वतःच यंत्र लावलं आणि नावं टाइप करायला घेतली. शुद्धलेखन माझं, बसवणं तुमचं, असं ह्यांना म्हणाली. हे आधी आले नाहीत. मग तिने एक डोंगर इतक्या वेड्यावाकड्या जागी टाकला की ह्यांना राहवेना. आता रोज संध्याकाळी दोघं बसतात. तीही शॉर्टकटशिवाय बोलत नाही. परवा भाजी जास्त तिखट झाली तर दोघांनी एकाच वेळी टेबलावर ती दोन बोटं आपटली. मी पाणी आणून दिलं.

कार्यालयाचे साहेब येऊन बघून गेले. टेबल ते देणार आहेत दुसऱ्याला, हे त्यांनी सरळ सांगितलं. ते बरं केलं. नद्यांचे तेवढे नकाशे घरी पाठवतील, नावं कोणीतरी तपासली असली पाहिजेत या अटीवर. हे ऐकत होते. मान हलवली. साहेब गेल्यावर हे बराच वेळ खिडकीत उभे होते.

बोलणं मात्र अजून तिथेच आहे. बाई प्रयत्न सोडत नाहीत, पण आता त्या आम्हाला काही वचनही देत नाहीत.

आठवण ठेवता तशी ठेवत जा.

तुमची,
वहिनी

———

१७ एप्रिल

ति. वहिनींना,
सा. न. वि. वि.

साहेबांचं वाचलं. खिडकीचंही.

सोबत दुसरा पेनड्राइव्ह. एका हाताने बराच वेळ काम करणाऱ्याला सोपं पडावं म्हणून काही सुधारणा केल्यात. नकाशा मोठा करण्याची कळ जवळ आणली. शिवाय दादाच्या पडद्यावर तळाला ती बारीक पट्टी असते, घड्याळाची आणि उघडलेल्या कामांची, ती मी वर नेली. मान कमी वाकवावी लागेल. रंगही थोडा उजळ हिरवा केलाय, डोळ्यांना बरा. बारकी पाच मिनिटांत बसवेल.

मे महिन्यात नक्की येतो. बारकीला आशीर्वाद, आणि तुम्ही स्वतःला जपा.

आपला,
धाकटा

———

२६ एप्रिल

प्रिय भावोजींना,
स. न. वि. वि.

तुमच्या सुधारणा काल बसवल्या. मी स्वयंपाकघरात होते. पडदा उजळल्याचं बारकीने ओरडून सांगितलं. आणि मग एका पुरुषाचा आवाज आला, जाड, खरखरीत, पण अगदी स्वच्छ. मला वाटलं दारात कोणीतरी आलंय. मी हात पुसत बाहेर आले तर दारात कोणी नव्हतं. बारकी दोन्ही हात तोंडावर घेऊन बसली होती आणि हे पडद्याच्या वरच्या बाजूला, तुमच्या हिरव्या पट्टीकडे, डाव्या हाताचं बोट रोखून होते. माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, तोच शब्द. “गाढव.”

भावोजी, तो तुम्हालाच उद्देशून होता, यात शंकेला जागा नाही.

बारकी रडत होती आणि हसत होती. मी काय केलं ते मला नीटसं आठवत नाही. भाजी लागली एवढं खरं. ह्यांनी आमच्याकडे दुर्लक्ष करून चिकट कळांनी एकेक करत पट्टी खाली आणली, रंग पूर्वीसारखा राखाडी केला, आणि मग कुठे पाठ टेकून आम्हा दोघींकडे बघितलं. नकाशाची जवळ आणलेली कळ मात्र तशीच ठेवली आहे. ती पसंत पडलेली दिसते.

आज बाई आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, असे शब्द कधीकधी आपोआप येतात, रागात, त्यावरून फार पुढचं धरू नका. मी धरत नाही. त्यांनी किल्लीचं चित्र दाखवलं तर हे शांतपणे त्यांनाही गाढव म्हणाले. बाईंनी वहीत लिहून घेतलं. सकाळचा चहा निवला होता तेव्हा मलाही मिळाला तो मान. बारकीला अजून नाही, त्यामुळे ती जरा रुसलीय.

तुम्ही मेमध्ये येणारच आहात. तोवर वेळ मिळेल तसा तिसरा पेनड्राइव्ह पाठवा, आणि त्यात एखादी गोष्ट अगदी अक्षम्य करून ठेवा. तुमची अक्कल त्या कामी पुरेल, याबद्दल तुमच्या दादांना आणि मला पूर्ण खात्री आहे.

तुमची,
वहिनी