पावडर धुतली तरी राहिलेले ठिपके

प्रिय आत्या,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाशी बोलू? आज मम्मीची मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा एक्स-रे, झाली. उद्या सुईनं आतला कण काढून तपासायचाय, आणि संध्याकाळपर्यंत ती म्हणत होती, "मी नाय येत." मला एका जागी बसवतच नाहीये गं!

ऐक ना काय झालं. दवाखान्यात जायचं म्हणून मम्मीनं नवी साडी नेसली आणि काखेत, छातीवर भरपूर पावडर मारली. तू पण तशीच निघायचीस ना, लग्नाला निघाल्यासारखी! फोटोत नुसते पांढरे ठिपके. मशीनवरच्या मॅडमनं विचारलं, "काकू, पावडर लावली का?"

"मग काय घामेजलेली येऊ डॉक्टरसमोर?"

धुवून परत फोटो काढला. बरेच ठिपके गेले. पण एका कोपऱ्यात बारीक मीठ सांडावं तसा पुंजका राहिला. तो आत साठलेल्या कॅल्शियमचा, कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतो तसला.

येताना क्रांती चौकात ऑटो अडकला आणि मम्मी एकदम खूश. "पावडरच होती बघ. राहिलेली पण जाईल दोनदा धुतल्यावर."

"मम्मी, ती आत आहे."

"तुला लई कळतं!"

कळतं ना थोडं! कॉलेजात मी हेच वाचत असते. एक्स-रे कुठं अडला एवढंच नाही, तो किंचित कुठं वळला, कुठं विखुरला, हे पण आता पकडतात! त्यावरून ठिपका साधा की काळजीचा, हे सुई न टोचता कळावं म्हणून लोक धडपडताहेत. पण ते अजून लॅबमध्येच. मी हे सगळं मम्मीला जोशात सांगितलं, तर ती म्हणते, "मग ते मशीन आल्यावरच जाऊ." घ्या! मीच तिला निमित्त दिलं.

आणि तू? गाठ हाताला लागली तरी किती महिने गप्प बसलीस! शहागंजात बांगडीचा रंग पटला नाही तर दुकानदाराशी तासभर भांडायचीस. डॉक्टरला एक प्रश्न विचारायला का लाजलीस? "लेकरांना टेन्शन नको" म्हणे. टेन्शन आलंच की. फक्त तू राहिली नाहीस.

शेवटी संध्याकाळी मम्मीला हेच सांगितलं. "आत्याचं हाताला लागलं, तोवर उशीर झाला होता. तुझं हाताला लागायच्या आधी दिसलंय. असे ठिपके बहुतेक साधेच निघतात, पण बघावं तर लागतं ना?"

तिनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "ताईंनी मला तरी सांगायचं होतं." तुझ्यावर चिडलेली मम्मी मी पहिल्यांदा बघितली, आत्या. डोळे पुसून तिनं विचारलं, "सुई टोचताना तू आत थांबशील?"

व्हय म्हटलं. आत सोडतात की नाही, काय माहीत! नाही सोडलं तर दाराला चिकटून उभी राहीन. आणि रिपोर्ट काहीही येऊ दे, घरात कुजबुज होणार नाही. सगळ्यात आधी मम्मीलाच वाचून दाखवीन, तिला कळेल अशा मराठीत, एक शब्दही न गाळता. प्रॉमिस.

तुझ्यावर अजून रागावलेली,
रेणू