तिरक्या अक्षराचा नियम

१२ मे
झाला! माझा ‘धाव’ फॉन्ट पुरा झाला. जाड, तिरका, टोकं सपाट कापलेली — कुठे नाजूक रेघ नाही की नक्षी नाही. वरची शिरोरेषा आडवी, खालचे दांडे मात्र सगळे पुढे झुकलेले. अक्षरं निघालीच आहेत कुठेतरी! ‘ष’नं फार छळलं. जाडी वाढवली की त्याचं पोट बुजायचं. आज तेही मोकळं झालं. नाशिकरोडच्या एवढ्याशा फ्लेक्सच्या दुकानात बसून केलंय हे मी. कुणाच्या बापाला जमलं नसतं.

१४ मे
गल्लीतल्या ललितच्या कबड्डी संघाचे टी-शर्ट छापून आले. पाठीवर ‘धाव’. पोरं नुसती उभी असली तरी चढाईला निघाल्यासारखी दिसतात.

१७ मे
ललितची आजी गेली. श्रद्धांजलीचा बोर्डही त्याला ‘धाव’मध्येच हवा. मी नाही म्हटलं. सेल, सामना, टेम्पो, वाढदिवस — कुठेही लाव. गेलेल्या माणसाच्या नावाला असली घाई शोभत नाही. सरळ, शांत अक्षरात करून दिला. रुसला जरा. रुसू दे. अक्षर माझं, नियमही माझा.

२२ मे
पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बुधवारी.

२५ मे
पप्पा दुकानात आले. आयुष्यभर एसटी चालवली, रिटायर झाले तरी एका जागी बूड टेकत नाही. भावाच्या लग्नातला फेट्याचा फोटो काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, माझा बोर्ड आत्ताच करून ठेव, मागनं तुझ्यानं व्हायचा नाय. मी ओरडलेच त्यांच्यावर. ते हसत बसले.

“आन् ते तुझं तिरकं अक्षर घाल. मी सरळ उभा राह्यलोय का कधी?”

नियम सांगितला. म्हणे, तो लोकांसाठी ठेव.

केला. त्यांच्यासमोर, त्यांचं समाधान होईपर्यंत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली पप्पांचं नाव, मोतीराम, आणि तो फेटा. पडद्यावर इतकं झकास दिसलं की माझाच मला राग आला. प्रिंट काढली नाही. हे अक्षर केलंच नसतं तर बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

२८ मे
पप्पांना सकाळीच आत नेलंय. दार बंद. काही लिहवत नाही.

१ जून
शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी अंदाजे टाकलेला पप्पांचा वाढदिवस. दुकान उघडलं, ती फाईल उघडली. फोटो तोच, फेटा तोच, अक्षर तेच. फक्त वरची ओळ पुसली आणि टाकलं — ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. दवाखान्यासमोर, त्यांच्या खिडकीतून दिसेल असा लावलाय. नियम मोडला नाही!