‘पारवा’च्या चार पिढ्या

१२ जानेवारी

चि. धाकटीस, अ. आ., वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या कारखान्यात ‘पारवा’ गाडीच्या चारही पिढ्या प्रदर्शनात ओळीनं मांडणार, आणि पहिल्या पिढीची चालू गाडी माझ्याच गॅरेजात उरली आहे, म्हणून तुला भाऊ आठवला! गाडी मिळणार नाही.

बाबांनी भंगारातून उचललेली ती गोल दिव्यांची गाडी दोन पान्ह्यांत खुलायची. दुसरीला चौकोनी दिवे आणि पाचवा गिअर आला, तीही मी सांभाळली. तिसरीत तुम्ही कॉम्प्युटर बसवलात, तेव्हा माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली. आता चौथी बॅटरीवर. तिच्यात मी कुठे हात घालू? पेपरात तिच्याशेजारी तुझा फोटो आला. तुझी वहिनी तो गल्लीभर दाखवत फिरली. मी त्यावर तेलकट प्लग ठेवले. खोटं कशाला सांगू, पोटात दुखलं. बाबांनी तुला कॉलेजात धाडलं आणि मला गाडीखाली.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच आहे, फक्त गाडीचं पुन्हा काढू नकोस.

तुझा दादा

२० जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

पोटदुखी काय तुला एकट्यालाच आहे? तिसऱ्या पिढीची दारं माझी. गाडी बाजारात यायच्या आधी मी बाबांना हौसेनं कारखान्यात नेलं. त्यांनी दार तीनदा उघडून लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की माझ्या मुलानं बसवलं असतं तर दार खडखडलं नसतं. साहेब हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खडखड खरीच होती, बिजागरी बदलावी लागली. पण अकरा वर्षं झाली, बाबाही गेले, तरी तुझ्यावरचा राग जात नाही. हे तुला मुद्दामच सांगितलं नाही. तुला ते ऐकायला मिळूच नये असं वाटायचं.

लहानपणी मी जवळ आले की हात काळे होतील म्हणून बाबा मला हाकलायचे. तू मात्र कमरेपर्यंत इंजिनात.

नको देऊस गाडी. तिच्या जागी फोटो लावू. वहिनीला नमस्कार. जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ., वि. वि.

बाबा माझ्या तोंडावर एवढंच म्हणायचे, की नीट धर. माझ्या वाटणीचं ते वाक्य तू अकरा वर्षं दाबून ठेवलंस! दोन दिवस मी त्या जुन्या गाडीचे प्लग साफ करत बसलो. तिसऱ्या दिवशी गाडी धुतली आणि तुमच्या प्रदर्शनात आणून उभी केली, ते तुला ठाऊकच आहे.

एक ठाऊक नाही. प्रदर्शनात तू पाहुण्यांत अडकली होतीस, तेव्हा तुझ्या साहेबांकडून किल्ली मागून मी चौथी आवारात फिरवली. आवाज नाही, हिसका नाही. वळणावर तर अशी अलगद वळली, की मी उगाच आणखी दोन चकरा मारल्या. फार हेवा वाटला गं. समोर सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

मी बसनं घरी पोचलो. पहिली तुझ्या दारात ठेवली आहे, महिनाभर चालव. सकाळी चोक अर्धाच ओढ. अडली तर लगेच मला फोन करू नकोस. बाह्या वर कर आणि आधी स्वतः बॉनेट उघड.

लोभ असू दे. थोडा हेवाही चालेल.

तुझा दादा