टॅपेटचा आवाज

बाबा, तुमच्या जावयांना दुपारचं भरवलं, तोंड पुसलं, कूस बदलून दिली आणि आत्ता कुठे स्वयंपाकघरात टेकले आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली. मुलगा म्हणतो, आई, दिवसासाठी एक बाई ठेवू. मी नको म्हणते. पाठ सरळ होत नाही, झोप तुटते, तरी नको म्हणते. असं का, याचा विचार करता करता कोंढ्याच्या रस्त्यावरचं तुमचं टिनाचं गॅरेज आठवलं.

मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असायचे. सुट्टीत घरी आले की फ्रॉक बदलून थेट गॅरेजात. तिथे बाकी गाड्या लोकांच्या, एक तुमची. मोडीतल्या एका फोर-स्ट्रोक मोटरसायकलचे मडगार्ड, दिवा, मागची सीट काढून तुम्ही ती मातीत पळवायला बांधली होती. शंकरपटात बैलांच्या जोड्या पळून झाल्या की त्याच दाणीवर, धावपट्टीच्या त्याच उखडलेल्या मातीत, दोन-चार हौशी लोक मोटरसायकली पळवायचे, त्यात तुम्ही. खरं काम घरी आल्यावर. एअर फिल्टर घासलेटात धुवायचा, पिळायचा, वाळला की तेलाचा हात फिरवून बसवायचा. नाहीतर ती बारीक माती आत शिरून सिलिंडर खाते. ऑइल काळं दिसलं की बदलायचं. इंजिन पार थंड झालं की झाकण उघडून झडप दाबणाऱ्या टॅपेटची फट बघायची. "चार फेरे असतात माय," तुम्ही मला मूठ वरखाली करून दाखवता. "पेट्रोल-हवा आत वढते, दाबते, पेटते, धूर बाहेर टाकते. चारातला एकच जोर लावते. बाकीचे तीन त्याच्यासाठी खपतात."

मग तुमचे कान फुटले. दोन्हीकडून पू यायचा. औषधं झाली, पू थांबला, पण ऐकूही येईना. कानाशी ओरडलं तरच काही कळायचं. टॅपेट सैल झालं की टिकटिक येते, बेअरिंग गेलं की खालून घुमतं. मिस्त्री हे कानांनीच ओळखतो. गिऱ्हाईक गाडी सुरू करून "पाहा जी" म्हणायचं आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहायचात. "मिस्त्री, कानात धान पेरलं का?" एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. हळूहळू लोक गाड्या पवनीच्या मिस्त्रीकडे न्यायला लागले. तुम्ही जेवतानाही बोलेनासे झालात.

त्या उन्हाळ्यात मी तुमच्या शेजारी उभी राहिले. गाडी सुरू होते, तुम्ही माझ्याकडे बघता. "काय म्हणते माय?" मी बोटाने दाखवते: वर, डाव्या बाजूला, टिकटिक. तुम्ही इंजिन बंद करता, थंड होऊ देता, नट सैल करून फट साधता. पुन्हा किक. "आता?" मी मान हलवते, गेली. गिऱ्हाईक परतू लागलं. तुम्ही जेवताना पुन्हा बोलू लागला होतात.

शाळा उघडायची वेळ आली तेव्हा मी ट्रंक भरली नाही. तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं, मी जात नाही.

"काहून?"

"तुम्हाला कोण सांगेल मग?"

इतके चिडलेले तुम्ही मला कधी दिसला नव्हतात. "मी बहिरा झालो म्हणून तू अडाणी राहशीन? गॅरेज बंद पडन तं पडन. भर ट्रंक!"

दिवाळीला बसमधून उतरले ती तशीच गॅरेजात. या खेपेला काही झालं तरी परत जायचं नाही, असं वाटेत ठरवलं होतं. तुमची गाडी सुरू होती. तुम्ही इंजिनावर वाकलेले, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलेलं आणि त्याची लाकडी मूठ दातांत घट्ट धरलेली. डोळे मिटलेले. मी खांद्याला हात लावला तेव्हा मूठ तोंडातून काढून तुम्ही लहान पोरासारखे हसलात. "आयकू येऊन राहिलं वो माय! हाडातून येते. तू सांगे ना, अगदी तसंच!" मग मूठ शर्टाला पुसून माझ्यापुढे धरलीत. मी दातांत धरली. सगळं डोकं इंजिनानं भरून गेलं. "आता तुले कायचा घोर? शीक खुशाल."

मी शिकले, नोकरी केली. तुमचं गॅरेज शेवटपर्यंत चाललं आणि मला कशासाठीही थांबावं लागलं नाही. ही गोष्ट मी लोकांना आनंदाची म्हणून सांगते. तुम्हाला माझे कान लागेनासे झाले, त्या दिवाळीला मी मोरीचं दार लावून रडले, ते मात्र आईलाही कळलं नाही. हा कागद कुणाला दाखवायचा नाही आणि तुमच्यापर्यंत तो जायचा नाही, म्हणून लिहिते. यांना माझ्याच हातचं लागतं, दुसऱ्या कुणाच्या हातून ते जेवायचे नाहीत, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. खरं म्हणजे, बाबा, मी अजून कुणाला भरवून बघूच दिलेलं नाही.