उन्हात तापलेली काडतुसं

४ मे १९५४
हे उद्या बोरच्या जंगलात निघणार. वाघानं गावाचे बैल मारले, परवाना आलाय. विलायती काडतुसं मिळेनात, म्हणून ह्यांच्या मोठ्या रायफलीची मीच घरी भरते. उद्याची ही थंडीच्या दिवसांत भरलेली. धक्का जोराचा हवा असतो ह्यांना, म्हणून दारू अगदी वरच्या मापाची. वकीलमित्रांना सांगतात, "मी भरतो." असो.

५ मे
जीप सकाळपासून उन्हात. काडतुसांच्या पेटीला हात लावला, चटका बसला. मागच्या उन्हाळ्यात असंच तापलेलं एक उडवलं, तर पितळी पुंगळी नळीत घट्ट बसली. ठोकून काढावी लागली. उन्हानं दारू जास्त भडकते, तेव्हाच कळलं होतं मला. आज सांगणार होते. पण हे म्हणाले असते, "तुला जमत नाही, राहू दे." मी पेटीवर ओला पंचा टाकला नि गप्प बसले.

७ मे
हे परतले, तेव्हा कळलं. पहिली गोळी वाघाला लागली, पण तो पडला नाही. पुंगळी फुगली, रायफलीचा बोल्ट उघडेना. दुसरी झाडताच आली नाही. वाघ सोमाजीवर गेला. आमचा जुना गोंड वाटाड्या. रान उठवणाऱ्या हाकेवाल्यांच्या आरडाओरड्यानं तो सुटला. डावा हात... वर्ध्याला दवाखान्यात आणलाय.

९ मे
मित्र भेटायला आले. हे म्हणाले, "चूक माझी. मीच भरलेली." मी चहा घेऊन दारात. मला सांभाळलं ह्यांनी. आणि मनात काय आलं, तर इथंही माझं नाव नाहीच! तिकडे माणूस तळमळतोय. शी.

१२ मे
सोमाजीचा हात कापला. मी दवाखान्यात गेले, बोलून टाकलं, "काडतुसं मी भरली होती."
"सायेब तं म्हने, त्यायनं भरली."
"नाही, मी. उन्हाचंही ठाऊक होतं."
त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्याची बायको म्हणाली, "मंग तवाच काऊन नाई सांगतलं, बाई?"
नेलेली मोसंबी तिनं घेतली नाहीत, परतही दिली नाहीत.

१४ मे
दवाखान्यात काय बोलले ते ह्यांना सांगितलं. चिडले, "मी निस्तरत होतो ना!" जखमी वाघ अजून रानात आहे, लोक सरपणाला जाईनात. ह्यांना जावंच लागेल.
शेवटी हे म्हणाले, "कमी दारूची भरून दे. ह्या वेळी सगळ्यांना सांगेन, कोणी भरली ते."
मी अजून हो म्हटलेलं नाही.